हा बोल्ट काय धरून आहे? जुनी पिकअप घरी सोडवताना

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जे जसं आलं, ते बरंचसं तसंच ठेवलंय.)

आज मागे कोंबड्यांचा आवाज येईल, मधूनच कुणीतरी हाक मारेल. कारण आजचं रेकॉर्डिंग खोलीत नाही, गिरीजला आमच्या वाडीत करतोय. माझ्यासमोर चार घोड्यांवर एक उघडी चेसीस उभी आहे. बाजूला ताडपत्रीवर इंजिन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, पाट्यांच्या थप्प्या. आणि नटबोल्ट भरलेले श्रीखंडाचे रिकामे डबे, मोजून ४१.

ही आमच्या आजोबांची पिकअप. महिंद्राची, जीपच्या तोंडाची, कागदावर १९७५ची, पेट्रोलवर चालणारी, फोर बाय फोर. हिच्यातून भाजी, केळी, फुलं वसई रोड स्टेशनपर्यंत जायची. मग ती वाडीच्या कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच. खाऱ्या वाऱ्याने जे करायचं ते केलं. गेल्या दिवाळीनंतर मी आणि पप्पांनी ठरवलं, भंगारात द्यायची नाही, सोडवून बघायची.

मागे एकदा स्टोरी टाकली तर ढिगाने मेसेज आले, "भाई, आमच्याकडे पण एक पडलीय, कशी खोलायची?" म्हणून हा भाग. पण आधीच सांगतो, लवकर कशी खोलायची ते मी सांगणार नाही. खोलताना हातपाय जागेवर कसे ठेवायचे ते सांगणार आहे. कारण तिसऱ्याच दिवशी माझा उजवा हात जाता जाता राहिला.

त्या दिवशी काय झालं

मागचं डावं चाक काढायचं होतं. हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये. जॅक हौजिंगखाली लावला, चाक उचललं, नट काढले, चाक बाहेर. मग ब्रेकचा पाइप बघायला मी हात आत घातला. बघतो तर ब्रेकचा ड्रम आपोआप हळूहळू उलटा फिरतोय. मला वाटलं, भास होतोय. तेवढ्यात गाडी एक फूटभर पुढे सरकली, जॅक कलंडला आणि मागचा भाग धाडकन खाली आला.

माझा हात वाचला तो पप्पांमुळे. काढलेलं चाक त्यांनी सवयीने चेसीसखाली आडवं सरकवून ठेवलं होतं. चेसीस त्या टायरवर बसली. टायर नसता तर आज मी माइक डाव्या हातात धरला असता.

संध्याकाळी आमच्या ओळखीचे मिस्त्री काका आले. आयुष्यभर जीपवर काम केलेला माणूस. त्यांनी एकच विचारलं, "अरे, हँडब्रेक कुठे असतो हिचा?"

मी म्हटलं, "मागच्या चाकांना, काका."

ते हसले. "वाक आणि बघ."

बघितलं. जीपच्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतोच. ट्रान्सफर केसच्या मागे एक छोटा ड्रम असतो, तिथून प्रोपेलर शाफ्ट सुरू होतो, आणि हँडब्रेक तो शाफ्ट धरतो. चाकांना नाही, शाफ्टला.

आता नीट ऐका. शाफ्ट आणि चाकांच्या मध्ये डिफरन्शियल आहे. वळणावर बाहेरचं चाक जास्त आणि आतलं कमी फिरावं म्हणून डिफरन्शियल असतं. शाफ्ट घट्ट धरला तरी एक चाक पुढे आणि दुसरं मागे, असं ते फिरू देतं. दोन्ही चाकं जमिनीवर असतात तोवर दोघं एकमेकांना अडवतात आणि गाडी उभी राहते. एक चाक हवेत गेलं की त्याला कुणी अडवत नाही. मग जमिनीवरचं चाक पुढे गडगडतं आणि हवेतलं उलटं फिरतं. मला दिसलेला उलटा फिरणारा ड्रम म्हणजे हेच. गिअरचंही तसंच. गिअरसुद्धा शाफ्टच धरतो. पुढच्या चाकांचा दांडा आम्ही टाकलेला नव्हता, म्हणून पुढची चाकं मोकळी. आणि वाडीला बावखलाकडे उतार. झालं.

मिस्त्री काका म्हणाले, "बोल्टला पाना लावायच्या आधी त्याला विचार, तू काय धरून आहेस? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय फिरवू नको." या सगळ्या कामाचा मंत्र तोच आहे. पुढे मी जे जे सांगणार आहे, त्यात प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न येईल.

आधी जमीन बघा

यूट्यूबवरचे व्हिडिओ बघताना एक गोष्ट लक्षात येत नाही. त्यांच्या गॅरेजला काँक्रीटची जमीन असते. आपली वसईच्या किनारपट्टीची जमीन भुसभुशीत, वाळूची. जॅकचं बूड तळहाताएवढं, त्यावर पाचसातशे किलो भार. तो सरळ रुततो, आणि रुतताना एका बाजूला रुततो. म्हणून जॅक आणि घोडी, दोन्हींच्या खाली दोन इंच जाडीची, हातभर लांबीरुंदीची लाकडी फळी किंवा जाड लोखंडी पत्रा टाका. शक्य असेल तर गोठ्याची, खळ्याची सिमेंटची सपाट जागा निवडा. पावसाळ्यात हे काम काढूच नका. दिवाळी ते मे हा आपला सीझन.

दुसरं, जॅक उचलण्यासाठी असतो, धरण्यासाठी नाही. आतलं सील कधी फुटेल हे जॅकलाही माहीत नसतं. उचललं की लगेच घोडी लावायची, भार घोडीवर द्यायचा, मग गाडीला हाताने जोरात हलवून बघायचं. हलली तर परत लावा. गाडीखाली असताना ती पडण्यापेक्षा बाहेर असताना पडलेली बरी. घोडीऐवजी विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक, नारळाचा ओंडका, हे कुणी सांगितलं तरी लावायचं नाही. वीट आणि ब्लॉक तडकतात, आणि तडकण्याआधी सांगत नाहीत.

तिसरं, जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना पुढून आणि मागून ठोकळे. आणि काढलेलं चाक नेहमी चेसीसखाली आडवं. पप्पांची ती सवय आता माझीही आहे.

आणि एकट्याने करू नका. आमच्या घरी नियम आहे, कुणी गाडीखाली असेल तर दुसरा माणूस बाहेर हजर. तो मोबाईल बघत बसला तरी चालेल, पण असायला हवा. अंगावर गाडी पडलेला माणूस स्वतः १०८ला फोन करू शकत नाही.

मग पातळ पदार्थ

पहिल्यांदा बॅटरी. आधी निगेटिव्हची केबल, मग पॉझिटिव्हची. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी. हातातली अंगठी, कडं, गळ्यातली चेन घरी ठेवून या.

मग पेट्रोल. टाकी रिकामी केली म्हणजे धोका संपला असं वाटतं ना? उलट आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा जास्त, म्हणजे भडका उडण्याचा धोका जास्त. आमची टाकी कित्येक वर्षं कोरडी होती, तरी झाकण उघडल्यावर वास आला. टाकी काढून लांब, सावलीत, उघड्यावर ठेवली. टाकीला ग्राइंडर, गॅस कटर, वेल्डिंग काहीही लावायचं नाही. जवळपास विडी-सिगारेट नाही. हाताशी पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर आणि वाळूची बादली. पेटलेल्या पेट्रोलवर किंवा ऑइलवर पाणी मारलं तर आग विझत नाही, पसरते.

रेडिएटरचं कूलंट गोडसर असतं, कुत्र्या-मांजरांना आवडतं आणि त्यांचा जीव घेतं. उघडं ठेवू नका.

आता इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिफरन्शियलचं ऑइल. हे मला जरा सविस्तर बोलायचंय. आपल्या वाड्यांना पाणी कुठून येतं? विहिरी आणि बावखलं. आपल्याकडचं गोडं पाणी वाळूत, वरच्या थरात साठतं, खाली खारं असतं. त्या वाळूवर ओतलेलं ऑइल तिथे थांबत नाही, पावसाबरोबर खाली उतरतं. गॅरेजच्या मागे काळी पडलेली जमीन तुम्ही पाहिली असेल. ती आपल्या वाडीत नको. म्हणून गाडीखाली आधी जाड प्लास्टिक, त्यावर रुंद घमेलं, मग ड्रेन प्लग. जमलेलं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये. सांडलंच तर त्यावर लाकडाचा भुसा टाकून तो उचलायचा. वापरलेलं ऑइल २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं, ते अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवं. आमचे दोन कॅन मिस्त्री काकांच्या ओळखीच्या गॅरेजने घेतले, कारण त्यांचा ड्रम उचलायला गाडी येते. आधी विचारून ठेवा, नाहीतर कॅन सहा महिने अंगणात पडून राहतो आणि एक दिवस लवंडतो.

मोबाईल हा पण एक पाना आहे

तुमच्या माझ्या पिढीचा इथे फायदा आहे. काहीही सोडवायच्या आधी तीन फोटो: लांबून, जवळून, आणि बाजूला पाना ठेवून, म्हणजे माप कळतं. डब्यावर नंबर, तोच नंबर फोटोत. हात ग्रीसने भरले असतील तर व्हॉइस नोट. "डब्बा १७, गिअरबॉक्सच्या खालचे बोल्ट, दोन लांब, दोन आखूड." तीन महिन्यांनी तुम्हाला वाटतं तसं काहीही आठवत नाही.

मात्र मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून गाडीखाली जायचं नाही. डोक्याला बांधायचा दिवा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आणि चष्मा हवाच. वर्षानुवर्षांचा गंज आणि माती बरोबर डोळ्यात पडते.

इंजिन आणि गिअरबॉक्स

मोठे नट ढिले करायचं काम गाडी चाकांवर उभी असतानाच करून घ्या. घोडीवरच्या गाडीला लटकून पाना खेचायचा नाही. गंजलेल्या नटाला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी परत मारा. आणि हो, अनेक जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल कोरलेला दिसला तर समजा. आम्ही एक स्टड तोडल्यावर समजलो.

हौदा आधी उतरवला, चार माणसं लागली. मग बॉनेट, रेडिएटर, वायरिंग, सायलेन्सर.

मग प्रोपेलर शाफ्ट, पुढचा आणि मागचा. इथे थांबा आणि तोच प्रश्न विचारा. हा शाफ्ट काय धरून आहे? तर हँडब्रेक आणि गिअर, दोन्ही चाकांपर्यंत याच्यातूनच पोचतात. शाफ्ट काढला की गाडीला कुठलाच ब्रेक उरत नाही, चारही चाकं जमिनीवर असली तरी. म्हणून आधी ठोकळे, मग शाफ्ट. काढताना एक हात खाली, नाहीतर सुटलेलं टोक थेट तोंडावर येतं. क्रॉसच्या टोप्यांना टेप गुंडाळा, आतले सुईसारखे बेअरिंग मातीत पडले तर शोधत बसाल.

इंजिन चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं, नुसतं इंजिन दीडशे किलोच्या वर. आपल्याकडे पद्धत काय, तर आंब्याच्या फांदीला चेन ब्लॉक टांगायचा. फांदी आतून किडलेली आहे का ते बाहेरून दिसत नाही. घराच्या वाशालाही टांगू नका, तो कौलांसाठी असतो. आम्ही दोन दिवसांसाठी इंजिन उचलायची क्रेन भाड्याने आणली. चेन ब्लॉकच वापरायचा तर लोखंडी पाइपची तिकाटणी, तिचे पाय घसरू नयेत म्हणून एकमेकांना साखळीने बांधलेले.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. टांगलेल्या इंजिनाखाली शरीराचा कुठलाच भाग नाही, एक सेकंदही नाही. आणि इंजिन वेगळं काढत असाल तर गिअरबॉक्सला खालून वेगळा आधार. नाहीतर गिअरबॉक्सचं सगळं वजन क्लचच्या शाफ्टवर लटकतं आणि क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो.

क्लच आणि ब्रेक उघडताना आणखी एक. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते, आणि त्रास व्हायला वीस-तीस वर्षं लागतात, म्हणून आपण तिला हसतो. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, झाडूने झटकायचं नाही. पाण्याचा फवारा मारून ओलं करायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. तोंडाला रुमाल बांधणं पुरत नाही, नीट बसणारा मास्क हवा.

चेसीस आणि पाटे

इंजिन बाहेर आलं की गाडीचा तोल बदलतो. पुढचा भाग हलका, मागचा जड. कालपर्यंत बरोबर असलेली घोड्यांची जागा आज चुकीची असू शकते. म्हणून इंजिन निघाल्यावर घोड्या परत तपासा. आणि एव्हाना त्या चेसीसखाली हव्यात, हौजिंगखाली नकोत. कारण आता हौजिंगच काढायचं आहे.

चेसीस म्हणजे आडवी ठेवलेली लोखंडी शिडी. दोन लांब दांडे, मध्ये आडव्या पट्ट्या. तिच्याखाली पाटे, पाट्यांना यू-बोल्टने बांधलेलं हौजिंग. पाटा हा वाकवून ठेवलेला जोर आहे. यू-बोल्ट काय धरून आहे? तर हौजिंगचं वजन आणि पाट्याचा ताण, दोन्ही. आधी चेसीस एवढी उचला की पाटे मोकळे लोंबतील. हौजिंगखाली जॅक लावून त्याचं वजन हलकेच पेला. मगच यू-बोल्ट सोडवा, दोन्ही बाजूंचे आळीपाळीने, थोडे थोडे. आमचे गंजून एकजीव झाले होते, ते ग्राइंडरने कापले. वाईट वाटून घेऊ नका. यू-बोल्ट परत वापरायचे नसतातच, नवे घ्यायचे.

पाट्याची थप्पी उघडायची असेल तर मधला सेंटर बोल्ट हा सगळ्यात फसवा. दिसतो करंगळीएवढा, पण सगळ्या पानांना एकमेकांवर दाबून तोच धरून असतो. सरळ काढला तर पानं उसळतात. बोल्टच्या दोन्ही बाजूंना मजबूत सी-क्लॅम्प लावायचे, बोल्ट काढायचा, मग क्लॅम्प एक एक फेरा ढिले करायचे. आणि पाट्यांच्या टोकांसमोर कुणी उभं राहायचं नाही.

आता उरली नुसती चेसीस. ती तारेच्या ब्रशने घासा आणि हातोडीने ठोकत जा. चांगलं लोखंड टणकन वाजतं, सडलेलं ढब करतं. आमच्याकडे मागच्या शॅकलजवळ दोन ठिकाणी ढब आलं. मग टेपने तिरकं माप घ्या, पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि मग उलट. दोन्ही मापं सारखी आली तर चेसीस सरळ आहे. आमचा फरक तीन मिलिमीटर. मिस्त्री काका म्हणाले, "आजोबांनी नीट चालवली."

कागद

चेसीस नंबर घासताना जपा. तो ग्राइंडरने गेला तर गाडी कागदावर राहतच नाही. खरवडू नका, पेंटने बुजवू नका, फोटो काढून ठेवा. मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते. आणि गाडी कायमची मोडीतच काढणार असाल तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची. आजोबांच्या गाडीचा नंबर ठाण्याचा. आपल्याकडचा एमएच-४८ खूप नंतर आला. म्हणून आधी जुनी नोंद कुठे आहे ते शोधा.

एक चांगली बातमी. २०२१पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आहे. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. मात्र चेसीस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको, आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे भाजी स्टेशनवर न्यायची नाही. तरीही आम्ही त्यासाठीच प्रयत्न करणार आहोत. म्हणून एकही जुना भाग अजून भंगारात दिलेला नाही.

शेवटी

आजोबा आता नव्वदीकडे झुकलेत. परवा खुर्ची टाकून चेसीससमोर बसले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "एवढीच होती होय ती? भरलेली असताना केवढी वाटायची." मग माझ्या हाताकडे बघून विचारलं, "हात बरा आहे ना?" पप्पांनी त्यांना सांगितलं होतं तर.

हात बरा आहे. तुमचाही राहू दे. तुमच्या घरी अशी एखादी उभी असेल तर या आठवड्यात पाना हातात घेऊ नका. आधी नुसते गाडीखाली वाकून बघा, बाहेरूनच, आणि तिचा हँडब्रेक नक्की कुठे आहे ते शोधा. सापडला की मला मेसेज करा. पुढच्या भागात चेसीसचा गंज काढणं आणि ते दोन ढब वाजणारे तुकडे. तोवर पावसाच्या आधी ताडपत्री घालून घ्या. भेटू.